हलक्या चित्रावर कात्री, भारी चित्रावर कट

काल्याचं कीर्तन संपतं, माणसं महाप्रसादाच्या पंगतीला बसतात आणि मंडपाच्या कडेला तिघे कॅमेरेवाले आपापली मेमरी कार्डं काढून एका डबीत ठेवतात. सप्ताहाच्या दिवसांत नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, हे गावोगाव दिसतं. त्या डबीत काय मावलंय? फोर-के चित्रीकरण, सेकंदाला १०० मेगाबिट, कीर्तन दोन तासांचं. एका कॅमेऱ्याचे झाले ९० जीबी, तिघांचे २७०. आणि हे सगळं जोडायचंय तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओतल्या साध्या लॅपटॉपवर.

त्या लॅपटॉपवर यातली एखादी फाईल नुसती बघायला लावा, बिनतक्रार चालते. तीच एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकून जरा मागंपुढं सरकवा, चित्र अडकतं, पंखा घोंघावायला लागतो. फाईल तीच, लॅपटॉप तोच. मग बिघडलं काय?

याचं उत्तर कॅमेऱ्यात आहे, आणि ते थक्क करणारं आहे. फोर-केच्या एका फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग जसेच्या तसे लिहायचे तर एका फ्रेमला सुमारे २५ एमबी लागतील, आणि सेकंदाच्या २५ फ्रेमना ६२० एमबीच्या वर. कार्डावर प्रत्यक्षात उतरतात सेकंदाला साडेबारा एमबी. पन्नासावा हिस्सा! बाकीचं गेलं कुठं?

कॅमेरा बहुतेक फ्रेम पूर्ण लिहीतच नाही. एक फ्रेम अख्खी लिहितो आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढं टिपतो. बुवांचा हात वर गेला, टाळकऱ्यांची ओळ डोलली, एवढंच. मागचा मंडप, कमान, विठ्ठलाची तसबीर हलत नाही, मग ती परत कशाला लिहायची? काही फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमवर टेकून उभ्या असतात. ज्यांनी हे गणित बसवलं त्यांना दंडवत घालावा असंच ते आहे.

पण एडिटर मधल्याच एखाद्या फ्रेमवर बोट ठेवतो. ती फ्रेम पूर्ण अशी कुठंच लिहिलेली नसते! संगणक मागची शेवटची अख्खी फ्रेम शोधतो, तिच्यावर एकेक बदल चढवतो आणि मग ते चित्र दाखवतो. सलग बघताना हे हिशोब ओळीनं होत जातात. कट शोधताना मात्र आपण सारख्या उड्या मारतो, उलटं जातो, तेही तीन कॅमेऱ्यांवर एकदम.

यावरची युक्ती म्हणजे प्रॉक्सी. मूळ फाईलची एक हलकी प्रत करायची, ९६० बाय ५४०ची. ठिपके बरोब्बर सोळाव्या हिश्शावर येतात. ती प्रोरेस प्रॉक्सीसारख्या प्रकारात केली की प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते, कुणावर टेकलेली नाही. कुठंही बोट ठेवा, चित्र हजर.

आता कट मारायचे ते या हलक्या प्रतीवर, आणि एक्सपोर्टला बाहेर पडतं ते मूळ फोर-के. हे कसं जमतं? टाइमलाइनवर चित्र नसतंच. तिथं असते फक्त नोंद: अमुक फाईल, अमुक टाइमकोडपासून, म्हणजे फ्रेमच्या वेळेच्या आकड्यापासून, अमुकपर्यंत. भावाभावांची वाटणी गटनकाशावर रेघ मारून ठरते आणि मग बांध शेतात पडतो, तसं हे आहे. म्हणून नकाशा जमिनीशी जुळायलाच हवा.

रिळांच्या काळातही हेच चालायचं. निगेटिव्ह लॅबमध्ये जपून ठेवायची आणि कात्री चालायची ती रश प्रिंटवर, म्हणजे तिच्या कामापुरत्या प्रतीवर. फिल्मच्या कडेला छापलेले आकडे जुळवून शेवटी निगेटिव्ह कापली जाई. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून कितीतरी एडिटर याच वाटेनं घडले. पुढं नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तोवर विद्यार्थ्यांच्या हातात कात्रीऐवजी माऊस आला होता. काठावरच्या आकड्यांचं काम टाइमकोड करू लागला होता.

प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीची सोय २०१६ साली आली, आणि खरी कसोटी तिच्या प्रीसेटमध्ये, म्हणजे जतन करून ठेवलेल्या सेटिंगमध्ये, आहे. प्रीसेट एक नाही, दोन लागतात. प्रत कशी लिहायची हे पहिला सांगतो. तो मीडिया एन्कोडर या जोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये बनतो. दुसरा इन्जेस्ट प्रीसेट. फुटेज आत आलं की काय करायचं, प्रत कुठं ठेवायची आणि ती करताना पहिला प्रीसेट कुठला वापरायचा, हे त्याच्यात असतं. दोन्ही फाईलींचं शेपूट एकच, ईपीआर! म्हणून इन्जेस्टच्या जागी हमखास पहिलाच दिला जातो आणि सॉफ्टवेअर तो नाकारतं. दुसरा बनवून द्या, काम मार्गी लागतं.

मग आकार. काही तयार प्रीसेटमध्ये १०२४ बाय ५४० दिसतो. तो सिनेमाच्या ४०९६ रुंदीच्या फोर-केसाठी आहे. आपल्या ३८४० वाल्या फुटेजला ९६०च हवा, नाहीतर चित्र ताणलं जातं किंवा कडेला काळी पट्टी येते.

मला सगळ्यात जास्त भावते ती आवाजाची अट. कीर्तनात एका चॅनेलवर बुवांचा माइक असतो, दुसऱ्यावर मिक्सरमधून आलेले मृदंग आणि टाळ. कॅमेरा चार चॅनेल लिहीत असेल तर उरलेले दोन रिकामे, पण असतात. प्रीसेटनं प्रतीत दोनच लिहिले की प्रीमियर ती प्रत मूळ फाईलला जोडूच देत नाही. ऑडिओ चॅनेल जुळत नाहीत म्हणून सांगतं. चित्र सोळा पट लहान झालेलं त्याला चालतं, पण एकही मुका चॅनेल कमी पडलेला चालत नाही! आणि ते बरोबरच आहे. तिसऱ्या चॅनेलबद्दल तुम्ही टाइमलाइनवर काही ठरवलंत आणि प्रतीत तिसरा चॅनेलच नसेल, तर ती नोंद कुणाला लावायची? उपाय सोपा: एन्कोडरमध्ये क्विकटाइम निवडून आवाजाच्या भागात चार मोनो चॅनेल मांडायचे आणि प्रीसेट नव्यानं जतन करायचा. फ्रेमचा वेग आणि लांबीही मुळाइतकीच ठेवायची.

एवढं जुळलं की टॉगल प्रॉक्सीजचं बटण दाबून बघा. दाबलं की हलकं चित्र, परत दाबलं की मूळ. एकही कट तसूभर हलत नाही. २७० जीबीच्या त्या सगळ्या फुटेजच्या प्रती एका पेनड्राइव्हवर मावतात. तो आणि काही एमबीची प्रोजेक्ट फाईल घेऊन कुणी पुण्यात बसून उरलेले कट मारले, तरी ती फाईल नगरला आल्यावर त्याच्या प्रत्येक कटाला मूळ फोर-केमधली नेमकी फ्रेम सापडते.