दोष-छाननी (सॉफ्टवेअर)

दोष-छाननी म्हणजे सॉफ्टवेअरविषयी आलेली तक्रार किंवा प्रश्न नेमक्या कोणत्या घटकाशी संबंधित आहे हे ठरवून तो योग्य विकसकांकडे सोपवण्याची प्रक्रिया होय. इंग्रजीत तिला ‘बग ट्रायाज’ म्हणतात. ‘ट्रायाज’ हा शब्द निवडणे, वेगळे करणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला असून रणांगणावरील जखमींचा उपचारक्रम ठरवण्याच्या संदर्भात तो वैद्यकात रूढ झाला. वैद्यकात ‘आधी कोण’ हा मुख्य प्रश्न असतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याच्याही आधी ‘हा दोष कोणाचा’ हे ठरवावे लागते.

गरज

पडद्यावर दिसणारी मजकुराची एक ओळ अनेक स्वतंत्र घटकांच्या कामातून तयार होते. कळफलक अक्षरांचे संकेतांक पुरवतो, टंकात (फाँटमध्ये) अक्षरांची चित्रे असतात, अक्षरजुळणी करणारी प्रणाली त्यांतून जोडाक्षरे घडवते आणि ब्राउझर ती पानावर मांडतो. हे घटक बहुधा वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेले असतात. वापरकर्त्याला मात्र सर्वांत बाहेरचा घटकच दिसतो, त्यामुळे तक्रारही साहजिकच त्याच्या नावाने केली जाते. ती चुकीच्या ठिकाणी पोहोचली तर ‘हा आमचा दोष नाही’ असा शेरा मारून बंद केली जाते आणि खरा दोष तसाच राहतो.

देवनागरीतील उदाहरण

मराठीतील ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) हे शब्द केवळ रफार आणि अर्धा ऱ यांमुळे वेगळे ठरतात. ‘दऱ्या’ लिहूनही पडद्यावर ‘दर्या’ दिसले तर अर्थच बदलतो. अशा वेळी दोष शोधण्याची रीत ठरलेली आहे. प्रथम मजकुरातील संकेतांक तपासले जातात. युनिकोडमध्ये र साठी ०९३० आणि ऱ साठी ०९३१ हे संकेतांक आहेत. मजकुरात ०९३० व त्यानंतर केवळ हलन्त असेल, तर रफार दिसणे योग्यच आहे आणि प्रश्न कळफलकाचा किंवा टंकलेखनाच्या सवयीचा ठरतो. (इनस्क्रिप्ट कळफलकावर ऱ स्वतंत्रपणे उमटवता येतो.) संकेतांक योग्य असतील तर टंक बदलून पाहिला जातो. दुसऱ्या टंकात रूप नीट दिसले, तर संशय पहिल्या टंकावर जातो. सर्वच टंकांत ते चुकत असेल, तर अक्षरजुळणीची प्रणाली तपासावी लागते.

या शेवटच्या पायरीवर पुष्कळदा गफलत होते. फायरफॉक्स, क्रोम आणि लिबरऑफिस या तिन्हींमध्ये हार्फबझ ही एकच मुक्तस्रोत लायब्ररी वापरली जाते. तिच्यातील दोष तिन्ही ठिकाणी सारखाच दिसतो आणि तिन्ही प्रकल्पांकडे वेगवेगळ्या तक्रारी जातात. दुरुस्ती मात्र एकाच ठिकाणी करायची असते.

काही तक्रारींत तर दोष कोणत्याच प्रणालीत नसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे काही टंकांत अंतर्भूत असतात, परंतु पानाची भाषा मराठी असल्याचे पानाच्या संहितेत नोंदवलेले नसेल तर हिंदी वळणाची रूपे दिसतात. येथे बदल पानाच्या लेखकाने करायचा असतो. तसेच युनिकोडपूर्व टंकांत, उदाहरणार्थ श्री-लिपीच्या जुन्या टंकांत, टंकलिखित केलेला मजकूर अन्यत्र चिकटवल्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे. ब्राउझरच्या विकसकांकडे तक्रार करून उपयोग होत नाही.

छाननीच्या व्यवस्था

१९९८ साली मोझिलाने खुल्या केलेल्या बगझिला या प्रणालीत तक्रारीच्या निकालाचे ठरावीक शेरे आहेत: दुरुस्त, पुनरावृत्त, अवैध, ‘आमच्याकडे नीट चालते’ आणि ‘दुरुस्त करणार नाही’. यांतील चौथा शेरा सर्वांत वादग्रस्त म्हणावा लागेल, कारण पुष्कळदा तो तक्रारीत तपशील अपुरा असल्याचेच लक्षण असतो. वापरलेली आवृत्ती, टंक आणि दोष पुन्हा दिसण्यासाठीच्या पायऱ्या दिल्यास असा निकाल सहसा टळतो.

डेबियन प्रकल्पात ही जबाबदारी वापरकर्त्यावर टाकली जात नाही. तक्रार डेबियनकडेच करायची असते. दोष मूळ सॉफ्टवेअरचा असेल तर पॅकेजचा देखभालकर्ता ती मूळ विकसकांकडे पाठवतो. सुरक्षेशी संबंधित दोष मात्र बहुतेक प्रकल्पांत दुरुस्ती होईपर्यंत खासगी मार्गाने कळवले जातात.

मर्यादा

काही प्रश्नांना एकच मालक नसतो. अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ व हलन्त, किंवा ०९३०, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. दुसरा प्रकार युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवला आहे. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण केवळ संकेतांक जुळवणाऱ्या शोधात एका प्रकारे लिहिलेला ‘तऱ्हा’ हा शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. टंक, कळफलक आणि ब्राउझर येथे प्रमाणकानुसारच वागत असतात. एकदा समाविष्ट केलेली अक्षरे युनिकोडमधून काढली जात नसल्याने दोन्ही रूपे समान मानण्याचे काम शोधप्रणालींच्या विकसकांकडे जाते.