बोलणारा बाहुला आणि डूख धरणारा नाग



तुमच्या वर्गात असा एखादा मित्र नक्की असेल, की ज्याच्या शेजारी बसून सिनेमा पाहणे म्हणजे शिक्षाच! पडद्यावर नायकाने इमारतीच्या गच्चीवरून उडी मारली, की याची कुजबुज सुरू होते, "हे शक्यच नाही." आजूबाजूचे लोक त्याला गप्प बसवतात. पण त्याचे गणित मात्र चुकलेले नसते.

आपणच ते करून पाहू. गच्ची २० मीटर उंच आहे असे धरा. हवेचा विरोध सोडून दिला, तर खाली पोचायला साधारण २ सेकंद लागतील आणि जमिनीवर आदळताना वेग होईल ताशी सुमारे ७१ किलोमीटर. नायकाने गुडघे वाकवून अर्ध्या मीटरच्या अंतरात स्वतःला थांबवले असे मानले, तर २० मीटरमध्ये मिळवलेला वेग त्याला अर्ध्या मीटरमध्ये घालवायचा आहे. म्हणजे हे मंदन गुरुत्वत्वरणाच्या ४० पट झाले. नायकाचे वजन ६० किलो असेल, तर त्याच्या पायांवर सुमारे अडीच टनांचा भार येईल. नायक मात्र कपडे झटकतो आणि पळू लागतो!

तरीही थिएटरातले पाचशे लोक टाळ्या वाजवतात. हे पाचशे लोक अडाणी असतात का? मुळीच नाही. त्यांतला प्रत्येक जण घरी गेल्यावर जिना एकेक पायरीनेच उतरणार असतो. मग सिनेमाचा आनंद घ्यायला गोष्ट पटण्यासारखी असावी लागते की नाही?

एक चांगले उदाहरण घेऊ. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ साली आला. तुमच्या आईवडिलांना विचारा, जालन्यात काय किंवा परतूर, मंठ्याकडे काय, तात्या विंचू माहीत नाही असा माणूस त्यांच्या पिढीत सहसा सापडणार नाही. गोष्ट अशी, की मरताना एका गुंडाचा आत्मा मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला चालू-बोलू लागतो. विज्ञानाच्या कोणत्याही इयत्तेत ही गोष्ट उत्तीर्ण होणार नाही. पण ती एकदा मान्य केली, की पुढे काही नियम येतात. बाहुल्याने आपले गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितले, त्याच्याच शरीरात त्याला शिरता येते. आणि त्याला मारायचे तर गोळी दोन भुवयांच्या मध्येच लागली पाहिजे. हे नियम शेवटपर्यंत पाळले जातात, म्हणून प्रेक्षक श्वास रोखून बसतो. समजा, शेवटी बाहुल्याच्या पायाला गोळी लागून तो मेला असता, तर? आत्मा बाहुल्यात शिरला तेव्हा ज्याने तक्रार केली नव्हती, तोच प्रेक्षक ओरडला असता, "ही फसवणूक आहे!"

'मिस्टर इंडिया' (१९८७) मध्येही हेच दिसते. दिसण्यासाठी प्रकाशकिरण डोळ्याच्या भिंगातून वळून दृष्टिपटलावर पडावे लागतात आणि तेथे शोषले जावे लागतात. अदृश्य माणसाचे दृष्टिपटल जर सगळा प्रकाश आरपार जाऊ देत असेल, तर तो माणूस ठार आंधळा असणार. हा दोष कोणाच्या लक्षात येत नाही, आला तरी कोणी मनावर घेत नाही. पण तांबड्या प्रकाशात नायक दिसतो, हा चित्रपटाने स्वतःच घातलेला नियम मात्र लहान पोरेसुद्धा लक्षात ठेवतात.

म्हणजे प्रेक्षक एक करार करतो. "तुझी एक अशक्य गोष्ट मी मान्य करतो, पण पुढे हिशेब चोख ठेव." आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे दोन प्रकार सांगितले आहेत. जग जसे आहे तसे दाखवणे हे लोकधर्मी. रंगभूमीच्या संकेतांनी दाखवणे हे नाट्यधर्मी. आपल्या लोकनाट्यात पात्र रंगमंचावर गोल फेरी मारते आणि म्हणते, आलो बाबा गावाला! पन्नास कोस अंतर दहा पावलांत संपते आणि कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

एवढेच कशाला, खुद्द सिनेमा हाच एक भास आहे. फितीवरचा सिनेमा म्हणजे दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे. चित्र बदलताना झडप प्रकाश अडवते, त्यामुळे बराच वेळ पडदा चक्क काळा असतो. जुन्या पुस्तकांत याचे कारण 'दृष्टिसातत्य' असे दिलेले आढळेल, पण तेवढ्याने गतीचा उलगडा होत नाही. गतीचा भास मेंदू तयार करतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले.

आणि आवाज? एके काळी मराठवाड्यातल्या यात्रांमध्ये तंबूतला सिनेमा असे. कर्णा पडद्यामागे किंवा बाजूला असला, तरी संवाद मात्र नटाच्या तोंडातूनच येतो असे वाटे. कारण कानाला आवाजाची दिशा जेवढी नेमकी कळते, त्यापेक्षा डोळ्याला जागा अधिक नेमकी कळते. दोघांचे एकमत झाले नाही, की मेंदू डोळ्याचा कौल मानतो. शब्दभ्रमकार याच गुणाचा फायदा घेतो. तो स्वतःचे ओठ स्थिर ठेवतो आणि बाहुल्याचा जबडा हलवतो. तात्या विंचूचा बाहुला तयार करणारे रामदास पाध्ये हे शब्दभ्रमकारच, हा योगायोग नव्हे!

इथपर्यंत सारे मजेचे झाले. आता दुसरी बाजू पाहू.

बाहुला बोलतो, हे खोटे आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही लवकरच समजते. पण नागाचे काय? 'नागिन' या नावाचे चित्रपट १९५४ साली आले, १९७६ साली आले. १९८६ साली 'नगिना' आला. नाग पुंगीवर डोलतो, दूध पितो, जोडीदाराला मारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवतो आणि वर्षांनी येऊन सूड घेतो. नायक जखमेला तोंड लावून विष ओढून काढतो, नाहीतर मांत्रिक येऊन उतरवतो. यांतले काय खरे?

सापाला बाहेरचा कान नाही आणि कानाचा पडदाही नाही. जमिनीतली कंपने त्याला जबड्याच्या हाडांतून कळतात, हवेतले खालच्या पट्टीचे काही आवाजही जाणवतात. पण तो डोलतो ते सुरांवर नव्हे, तर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. (गंमत म्हणजे १९५४ च्या 'नागिन'मधली ती प्रसिद्ध पुंगी हीसुद्धा पुंगी नव्हती. ते सूर क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून आणि हार्मोनियममधून काढले होते.) साप मांसाहारी आहे, दूध हे त्याचे अन्न नाही. आणि चेहरा लक्षात ठेवून डूख धरण्याइतका त्याचा मेंदू विकसित नाही.

हा भेद नीट लक्षात घ्या. 'झपाटलेला' पाहून कोणी घरातले बाहुले जाळले नाहीत. पण नागाच्या सिनेमातली माहिती मात्र लोकांच्या मनात घर करून राहते. नाग प्रत्यक्षात असतो, त्याचे विष प्रत्यक्षात असते आणि गावात तशाच कहाण्या आधीपासून सांगितल्या जातात. सिनेमा त्यांवर शिक्का मारतो. साफ अशक्य गोष्टीपासून धोका कमी. धोका आहे तो अर्ध्या खऱ्या गोष्टीपासून.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न पडद्यापुरता राहत नाही. कापसाच्या रानात, मोसंबीच्या बागेत, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला अंधारात जाणाऱ्या माणसाचा पाय सापावर पडू शकतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी सुमारे ५८,००० माणसे मेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. पापण्या जड होतात, पुढे श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखतही फारसे नाही, म्हणून ती विशेष घातक.

मग मांत्रिकाकडे नेलेले लोक बरे कसे होतात? बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. असे रोगी मंत्राने बरे होतात, मंत्राविनाही बरे होतात. कीर्ती मात्र मांत्रिकाला मिळते. जो मेला, त्याचा दोष 'उशीर झाला' म्हणून नशिबाला. प्रयोगशाळेत असा हिशेब कोणी मान्य करील का?

खरे औषध एकच, प्रतिविष. घोड्यांना विषाची अगदी अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात आणि वरील चारही सापांच्या विषावर ते चालते. सर्पदंश झाला तर रोग्याला धीर द्या, अंगठी-कडे काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णालय गाठा. कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे.

म्हणून नागाचे सिनेमे बंद करावेत का? मला तसे वाटत नाही. सिनेमा हे पाठ्यपुस्तक नव्हे. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात तुकोबा गरुडावर बसून वैकुंठाला जातात. तरीही हा चित्रपट मोठा ठरला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला चमत्कार कोणी मानो न मानो, संसाराने गांजलेली, तोंडाळ पण मायाळू जिजाई तर प्रत्येकाच्या शेजारच्या घरात असते. ती खरी वाटते, म्हणून गरुडही आपण चालवून घेतो. मात्र थिएटरातून बाहेर पडताना करार संपला, हे ओळखता आले पाहिजे. नागाचा सिनेमा पाहून आल्यावर वर्गात फळ्यावर दोन रकाने आखा: गोष्टीपुरते मानले ते एकीकडे, खरे समजलो ते दुसरीकडे. दुसऱ्या रकान्यातले प्रत्येक वाक्य आपल्या विज्ञानशिक्षकांना तपासायला द्या.

याच्या उलटही घडते, बरे का! गोष्ट शंभर टक्के खरी आणि पडद्यावर मात्र जादू वाटते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत महिनाभर त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता उगवून वर चढले. पैसे द्यायला कचरणाऱ्या भांडवलदाराला ती फीत दाखवून त्यांनी सिनेमाची ताकद पटवून दिली.

जालना हे तर बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथेच आपली बियाणे कंपनी स्थापन केली. तेव्हा हा प्रयोग तुमच्या शाळेत व्हायलाच हवा. कुंडीत वाटाणा पेरा. शिक्षकांचा मोबाइल नको असेल, तर एखादा जुना कॅमेरा तिवईवर पक्का बसवा, रात्रीसाठी एक दिवा लावा आणि दर तासाला एक चित्र घ्या. ३० दिवसांत ७२० चित्रे होतील. दर सेकंदाला २४ या वेगाने ती दाखवली, तर तुमचा चित्रपट बरोबर ३० सेकंदांचा होईल. मधली दोन-तीन चित्रे घ्यायची राहून गेली, तर रोप तेथे उडी मारल्यासारखे दिसेल. ती उडी कोणाच्या डोळ्यांना आधी खुपते ते पाहा. बहुधा कुजबुज करणाऱ्या त्या मित्राच्याच!