बँकेच्या पाटीवरचा 'ऑम्बड्समन' मूळचा कुठला?

समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवमधल्या एखाद्या खातेदाराने एटीएममध्ये कार्ड टाकलं. नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले. बँकेत तक्रार दिली, ३० दिवस झाले तरी उत्तर नाही. आता जायचं कुठं?

उत्तर बँकेतल्या पाटीवरच असतं. मराठीत 'लोकपाल', इंग्रजीत 'ऑम्बड्समन'.

गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजी नाही, स्वीडिश आहे. फोड केली तर 'ओम्बुद' + 'स' + 'मन'. 'ओम्बुद' म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा, 'मन' म्हणजे माणूस. मधला 'स' आपल्या 'चा'सारखा. 'राजाचा पुत्र'चा 'राजपुत्र' होताना आपला 'चा' गळतो, स्वीडिशमध्ये मात्र 'स' टिकतो. मराठीत याच्या जवळ जाणारा शब्द म्हणजे 'मुखत्यार'.

पण मुखत्यार कोणाचा? आधी राजाचा. १७०९ ला पोल्टाव्हाची लढाई हरल्यावर स्वीडनचा राजा बारावा कार्ल तुर्कस्तानात अडकला. मायदेशातले अधिकारी कायदा पाळतात का, हे बघायला त्याने १७१३ मध्ये 'सर्वोच्च ऑम्बड्समन' नेमला. पुढे १८०९ च्या राज्यघटनेने संसदेला स्वतःचा ऑम्बड्समन निवडायचा अधिकार दिला आणि १८१० मध्ये लार्स ऑगस्टिन मानरहाइम निवडून आले. शब्द तोच राहिला, मालक बदलला.

भारतात १९६३ मध्ये खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी त्यासाठी 'लोकपाल' हा शब्द सुचवला. १९६६ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने केंद्रात लोकपाल आणि राज्यांत लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्येच लोकायुक्ताचा कायदा केला.

फरक इथेच आहे. 'लोकपाल' म्हणजे लोकांचा रक्षक. संस्कृतात तर दिशा राखणाऱ्या देवांना लोकपाल म्हणायचे. त्यामुळे तो आपणहून धावून येईल असं वाटतं. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ना देव आहे, ना तुमचा वकील. तो दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो, आणि तेही तुम्ही तक्रार केली तरच.

म्हणून आधी बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला एक रुपयाही लागत नाही. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा क्रमांक आहे १४४४८.