दोन दिवसांचे लंडन

परदेशी विद्यापीठात शिकत असलेली मुलगी "येत्या शनिवार-रविवारी लंडन पाहून येते" असे घरी कळविते, तेव्हा आईवडिलांच्या मनात कौतुकाच्या आधी हिशेब उभा राहतो. शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले, एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात, आणि मुलगी मात्र फिरावयास निघालेली! हा विचार कोत्या मनाचा आहे असे आम्हांस म्हणवत नाही. कष्टाचा पैसा दूरदेशी जाऊ लागला म्हणजे त्याच्या मागोमाग मनही जाते.

रायपूरच्या उत्तरेस असलेल्या बीरगांवात हा हिशेब चांगलाच ओळखीचा आहे. उरला औद्योगिक क्षेत्राला लागून वाढलेली ही वस्ती. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांतील पाळ्यांवर येथील पुष्कळ घरांचा दिवस उगवतो आणि मावळतो. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. शिक्षण, नोकरी आणि सोयरीक ह्यांसाठी मुंबई-हावडा लोहमार्गाने ये-जा करणारी मराठी कुटुंबे ह्या मुलखात परकी अशी कधी नव्हती. अशा घरात नागपूरला जाऊन येणे हा प्रवास समजला जात नाही. म्हणून वाचकहो, प्रथम अंतराचीच गोष्ट सांगतो. समजा, आपली कन्या बर्मिंगहॅमला शिकत आहे. तेथून लंडन रस्त्याने सुमारे १९० किलोमीटर. रायपूरहून नागपूर ह्याहून पुष्कळ दूर आहे.

खर्चाचे म्हणाल, तर तोही बराचसा आटोक्यात ठेवता येतो. तरुणांसाठी असलेले रेल्वेचे सवलतपत्र काढले तर बहुतेक भाड्यांत एक-तृतीयांश सूट मिळते. लांब पल्ल्याची बसगाडी आगगाडीहून सावकाश जाते, पण बहुधा स्वस्त पडते. शहरातील तांबड्या बसगाड्यांत पहिल्यांदा भाडे भरल्यापासून तासाभरात कितीही वेळा बस बदलली तरी दुसऱ्यांदा पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय संग्रहालयांतील कायमचे संग्रह २००१ च्या अखेरीपासून सर्वांना विनामूल्य खुले आहेत. खरा खर्च येतो तो रात्रीच्या निवाऱ्याचा. एखाद्या मैत्रिणीच्या खोलीवर सोय झाली तर तोही वाचतो. जेवणाचा डबा बरोबर घेतल्यास उत्तम. इतक्या दूर जाऊन डबा काय न्यायचा, असे म्हणणाऱ्यांनी लंडनच्या उपाहारगृहांच्या दारावरचे दरपत्रक आधी वाचावे.

बर्मिंगहॅमची गाडी यूस्टन स्थानकात येते. तेथून ब्रिटिश म्युझियम वीस मिनिटांच्या चालीवर आहे. वाटेत टॅव्हिस्टॉक चौकातील बागेत महात्मा गांधींचा बसलेला पुतळा लागतो. तो १९६८ साली उभारला गेला. गांधीजीही ह्या नगरात बॅरिस्टर होण्यासाठी आलेले विद्यार्थीच होते. म्युझियममध्ये शिरल्यावर एका दिवसात सर्व पाहावयाचा हट्ट धरू नये; तो धरणाऱ्याच्या पदरी फक्त पायदुखी पडते. मात्र अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पपट अवश्य पाहावेत. ही अमरावती आंध्रातील कृष्णाकाठची. आपली वऱ्हाडातील नव्हे. पांढरट चुनखडीच्या दगडात कोरलेली ती माणसे, घोडे, हत्ती आणि कमळे काचेआडच्या दालनात उभी आहेत. ती येथे का, हा प्रश्न पाहणाऱ्या भारतीय मुलीच्या मनात येईल, आणि तो यावाच.

ह्याच वास्तूच्या मध्यभागी घुमटाखालचे वर्तुळाकार वाचनगृह आहे. ते १८५७ मध्ये उघडले. तेथील ग्रंथालय गेल्या शतकाच्या अखेरीस सेंट पँक्रासच्या नव्या इमारतीत गेले. परंतु आपल्यापुरते सांगावयाचे तर ह्या घुमटाइतके महत्त्वाचे दुसरे स्थळ लंडनमध्ये नाही. १९२० साली भीमराव आंबेडकर दुसऱ्यांदा लंडनला आले. आधी १९१६ मध्ये ते तेथील अर्थशास्त्राच्या विद्यालयात दाखल झाले होते, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले होते. ह्या खेपेस प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज एवढ्या भांडवलावर ते निघाले. मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढीत होत्या. कर्जावर परदेशी शिकणे म्हणजे काय, हे ह्या घराला कोणी सांगावयास नको होते.

त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन चरित्रकार धनंजय कीर ह्यांनी केले आहे. सकाळी वाचनगृह उघडताच आत शिरावे, दुपारच्या जेवणाला फाटा द्यावा आणि सायंकाळी पहारेकरी बाहेर काढीत तोवर टिपणे घ्यावीत. रात्री बिऱ्हाडी भूक अनावर झाली म्हणजे कोणा ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खावेत आणि पुन्हा पुस्तक उघडावे. ह्या कष्टांतून १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. अशी फळे आली. ते विद्यालय म्युझियमपासून पंधरा-वीस मिनिटांवर आहे, आणि तेथे आता त्यांचा अर्धपुतळा आहे.

येथे आपण म्हणाल, आंबेडकरांनी शनिवार-रविवारच्या सहलीत पैसे उडविले नाहीत. मग आमच्या मुलीने का उडवावेत? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, ज्या ग्रंथांसाठी त्यांना लंडन गाठावे लागले त्यांपैकी पुष्कळसे आज बर्मिंगहॅमच्या खोलीत बसून संगणकावर वाचता येतात. घुमट मात्र संगणकातून येत नाही. कर्जाच्या हप्त्याचे ओझे वाहणाऱ्या मुलीने, तसेच ओझे घेऊन तेथे बसलेल्या विद्यार्थ्याची जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, ह्याला आम्ही चैन म्हणणार नाही. राजवाड्यापुढील पहाऱ्याची अदलाबदल पाहण्यासाठी तासभर गर्दीत टाचा उंचावणे, ह्याला फार तर म्हणू.

शनिवारची सायंकाळ ट्रॅफल्गार चौक, पार्लमेंट आणि टेम्सचा काठ ह्यांना द्यावी. त्यांची वर्णने आपण इतकी वाचली आहेत की येथे पुन्हा नकोत.

रविवार मात्र पूर्ण वेगळ्या वाटेने घालवावा. शहराच्या पश्चिम भागात वॉरिक ॲव्हेन्यू हे भुयारी रेल्वेचे स्थानक आहे. तेथून जवळच होली प्लेस नावाच्या शांत रस्त्यावर १० क्रमांकाचे घर लागते. त्याच्या भिंतीवरील निळी गोल पाटी सांगते की, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये येथे राहत होते. चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकाराने आपल्या पुस्तकात केलेल्या बदनामीबद्दल त्यांनी त्याच्यावर फिर्याद लावली होती, आणि त्या खटल्यासाठी बासष्टीतले टिळक समुद्र ओलांडून आले होते. खटला ते हरले. पाटी लावली गेली ती १९६१ साली, लंडनच्याच नगरशासनाकडून. घर खाजगी आहे. पाटी रस्त्यावरून वाचावी, दार वाजवू नये.

घरापासून थोडे पुढे गेले की रीजंट्स कालवा लागतो. शेदोनशे वर्षांपूर्वी माल वाहून नेण्यासाठी तो खणला. नावा ओढणारे घोडे ज्या काठाने चालत, तीच वाट आता पादचाऱ्यांची झाली आहे. पाण्यावर रंगीत अरुंद नावा बांधलेल्या असतात. कित्येकांत माणसे बिऱ्हाड करून राहतात आणि टपावर कुंड्या मांडतात. मधे कालवा बोगद्यात शिरतो व पायवाट संपते. तेव्हा वर रस्त्यावर येऊन पुढे पुन्हा खाली उतरावयाचे. मग प्राणिसंग्रहालय लागते. तिकिटाशिवाय पिंजऱ्यांचा थोडा भाग काठावरूनच दिसतो, ही विद्यार्थ्यांना विशेष आवडणारी सोय! तेथून वर चढले की प्रिमरोज हिल ही हिरवी टेकडी. उंची जेमतेम ६३ मीटर, पण तिच्यावरून सेंट पॉलच्या घुमटासह सारे लंडन समोर पसरलेले दिसते. डबा उघडावयास ह्याहून चांगली जागा नाही.

टेकडीच्या उत्तरेस किंग हेन्रीज रोडवर आंबेडकरांचे १९२१-२२ मधील बिऱ्हाड आहे. ह्याही घराचा क्रमांक १०. दोन्ही दहा क्रमांकांमध्ये तासा-सव्वातासाची पायवाट. पण ह्या दोन पुरुषांची लंडनमध्ये गाठ पडली नाही. १९१९ च्या अखेरीस टिळक परतले. १९२० च्या जुलैत आंबेडकरांनी मुंबई सोडली, आणि १ ऑगस्टला टिळक मुंबईत निवर्तले. त्यांच्या विचारांतील अंतर तर कालव्याहून कितीतरी लांब होते, हे जाणत्या वाचकांस सांगावयास नको.

हे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे उद्घाटन होऊन ते स्मारक झाले. शेजाऱ्यांना मात्र ये-जा करणाऱ्यांचा उपद्रव वाटू लागला. स्थानिक परिषदेने संग्रहालय म्हणून वापरण्यास परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. राहत्या वस्तीतील हे घर असल्याने तेथे मोठ्याने बोलू नये, आणि भेटीच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात, एवढे पथ्य पाळावे. वरच्या मजल्यावर चढताना पत्र्यावर भाजलेल्या पापडांची आठवण आल्याशिवाय राहणार नाही.

तेथून चॉक फार्म स्थानक काही पावलांवर आहे, आणि भुयारी गाडीने यूस्टन दहा मिनिटांच्या आत येते. सायंकाळची बर्मिंगहॅमची गाडी तेथूनच सुटते. सोमवारचा पहिला तास चुकत नाही.