जुन्या डिझेल ट्रकची इंधनव्यवस्था

राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ वर निपाणीजवळ तवंदी घाट लागतो. मालाने भरलेला जुना ट्रक या चढावर ताकद देईनासा झाला, की इंधनपंप बदलण्याची घाई केली जाते. तत्पूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

पंप व नोझल यांच्या सूक्ष्म भागांना डिझेलचेच वंगण मिळते. पाणी व धूळ त्यांना झिजवितात. म्हणून टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा, फिल्टर बदलावेत आणि पाणी वेगळे करणारा जादा फिल्टर बसवावा. सांध्यांचे झिजलेले वॉशर बदलून, हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. हवेचा फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर राहिल्यास नोझल व पंप चाचणीयंत्रावर तपासून घ्यावेत. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये; तो कातडी भेदून आत शिरतो.

स्वच्छ डिझेल हीच पहिली दुरुस्ती होय.