समुपदेशकाची पात्रता ठरवायची कोणी?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात दिलेल्या निकालाने देशातील शिक्षणसंस्थांवर एक नवे बंधन आले. ज्या संस्थेत शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याने बाल व किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेले असावे, असा हा दंडक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावयाचा आहे. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूतून हे प्रकरण उभे राहिले. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. तेव्हा निकालामागील हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही.

अडचण आहे ती 'पात्र' या एका शब्दाची. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, परिचारिकेचे नाव परिषदेच्या पुस्तकात असावे लागते. समुपदेशकाला आजवर दारावरची पाटी पुरत आली आहे. दोन वर्षे रुग्णालयात उमेदवारी करून बाहेर पडलेली पदवीधर आणि दोन रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारा गृहस्थ, हे दोघेही स्वतःला समुपदेशक म्हणवून घेऊ शकतात. दाराशी आलेल्या पालकाला त्यांतला फरक ओळखण्याचे साधन नाही.

शब्दाचीच अवस्था पाहावी. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या फेऱ्यांना समुपदेशन म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला तर हा शब्द बदलीच्या वेळी कानी पडतो; कोणते गाव घेता, असे विचारण्याच्या सोपस्काराचे नाव समुपदेशन! ज्या शब्दाला इतके अर्थ चिकटले आहेत, त्याच्या धारकाची कसोटी काय, हा प्रश्न फारसा कोणाला पडला नाही, याचे नवल वाटू नये.

कायद्याने या क्षेत्राला अगदीच स्पर्श केलेला नाही, असे मात्र नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नोंदणी आवश्यक केली आणि नोंदणीवाचून व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. अपंगांना व्यवसायविषयक सल्ला देणारे समुपदेशकही त्या कायद्याच्या यादीत आहेत. अन्य मुलांना सल्ला देणारे नाहीत. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' कोण ते सांगितले. त्यात मनोविकारतज्ज्ञ आले, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आले, परिचारिका व मनोसामाजिक कार्यकर्ते आले. शाळेतला समुपदेशक पुन्हा उंबऱ्याबाहेरच राहिला. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत मात्र मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक यांची नावे प्रथमच घातली गेली. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि त्यांच्या नोंदवह्या अशी त्याची रचना आहे. कागदावर ती उत्तम आहे. पण १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय आला, तेव्हा केवळ १४ राज्यांनी परिषदा स्थापन केल्याचे आणि त्यांचेही काम सुरू झाले नसल्याचे उघड झाले. न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. ज्या नोंदवहीत नाव असणे ही पात्रतेची खूण व्हावयाची, ती वही उघडण्याआधीच पात्र माणूस नेमण्याचा हुकूम येऊन ठेपला, असा हा क्रम आहे.

ही उणीव केवळ आपलीच नव्हे. ब्रिटनमध्येही 'कौन्सेलर' या नावाला कायद्याचे संरक्षण नाही. तेथे व्यावसायिक संघटनांच्या ऐच्छिक नोंदवह्यांवर काम चालते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली परवान्याचा पहिला कायदा केला आणि अखेरचे राज्य, कॅलिफोर्निया, त्या रांगेत यायला २००९ साल उजाडले. तेथील पद्धतीतील घेण्यासारखी गोष्ट परीक्षा ही नव्हे. पदव्युत्तर पदवीनंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काही हजार तास प्रत्यक्ष काम केल्याशिवाय तेथे परवाना मिळत नाही, ही ती गोष्ट होय.

या तासांचे महत्त्व एका उदाहरणाने ध्यानी येईल. आठवीतली एक मुलगी समुपदेशकाजवळ येते आणि 'कोणाला सांगणार नाही ना?' असे विचारून घरातल्या एका माणसाविषयी बोलू लागते. गुप्तता हा या व्यवसायाचा पहिला नियम. पण २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा होऊ शकते. मग त्या मुलीला आरंभी काय सांगावयाचे, वचन कोणते द्यावयाचे आणि कोणते द्यावयाचे नाही, कळविल्यानंतर तिचा विश्वास कसा टिकवावयाचा? पुस्तकात याची उत्तरे चार ओळींत मिळतात. प्रत्यक्ष प्रसंगी ती सुचण्यासाठी कोणीतरी जाणत्याने शेजारी बसवून, झालेल्या संभाषणाची टिपणे वाचून, 'येथे तुम्ही घाई केलीत, येथे तिचे ऐकण्याऐवजी स्वतःचे मत सांगितलेत' असे दाखवून द्यावे लागते. मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार करीत आहे काय, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारण्याचे धैर्यही असेच येते. ज्याला ते आलेले नाही तो विषय बदलतो किंवा उपदेश करतो.

चिकित्सा मानसशास्त्राच्या शिक्षणात ही देखरेख पहिल्यापासून आहे. बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ साली सुरू झालेल्या पदविकेपासून दोन वर्षांच्या एम.फिल.पर्यंत त्या शिक्षणाचा कणा रुग्णालयातील उमेदवारी हाच राहिला. या वाटेवर जागा अत्यंत थोड्या, आणि आता एम.फिल. पदवीच मोडीत निघाल्याने या विषयापुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ देऊन नव्या पदव्यांची घडी बसविण्याचे काम चालले. बाकीच्यांनी आपापली वाट शोधली. कोणी समाजकार्याची पदवी घेतली, कोणी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका केली. बहुसंख्यांनी मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केले.

या शेवटच्या वर्गाचा विचार सहानुभूतीने व्हावयास हवा. तालुक्याच्या गावातील शिक्षिका किंवा कचेरीतला कारकून नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून, पदरचे पैसे भरून अशी पदवी मिळवितो, तेव्हा त्याला मानाची अपेक्षा असते. पगारवाढीची असतेच असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यविषयक अभ्यासक्रमांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले. कारण उघड आहे: टपालाने पाठ पाठविता येतात, देखरेख पाठविता येत नाही. निर्णय योग्यच म्हणावा लागेल. परंतु ज्या शासनमान्य विद्यापीठांनी वर्षानुवर्षे या पदव्या दिल्या, त्या घेतलेल्यांनी आता काय करावे, याचे उत्तर त्या निर्णयात नाही. त्यांना सरसकट नोंदणी द्यावी हे मुलांच्या दृष्टीने घातक, आणि सरसकट अपात्र ठरवावे हे अन्यायाचे. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशक, पोलीस ठाण्यांतील महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष अशा ठिकाणी ठरावीक तासांची सक्त उमेदवारी त्यांच्याकडून करवून घ्यावी आणि मग नोंदवहीत नाव घालावे, हा मधला मार्ग राज्य परिषदेला मोकळा आहे. त्यासाठी उमेदवारांवर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठांना मानधन द्यावे लागेल. येथेच बहुधा फाईल अडेल.

दरम्यान मुख्याध्यापक काय करतील, ते सांगावयास ज्योतिषी नको. मानसशास्त्र घेतलेला किंवा नुसताच मृदू स्वभावाचा एखादा शिक्षक बोलावून त्याच्या हाती 'समुपदेशक' असे पत्र दिले जाईल. त्याचे तास मात्र कमी होणार नाहीत. यात शिक्षकाची फरफट आहेच, पण मोठा दोष निराळा आहे. जो सकाळी गणिताचे गुण देतो त्याच्यापुढे दुपारी मुलाने मन उघडे करावे, ही अपेक्षाच चुकीची. गुण देणारा हात आणि ऐकणारा कान एकाच माणसाचे असू नयेत, एवढे तरी पथ्य पाळावयास हवे.

प्रत्येक शाळेला स्वतंत्र माणूस मिळणे आज शक्य नाही, हे खरे. कोठारी आयोगाने १९६६ साली दहा माध्यमिक शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक सुचविला होता. शंभर विद्यार्थ्यांच्या संस्थेला एक हा न्यायालयाचा दंडक त्याहून कितीतरी कडक आहे. तो पाळला गेल्याचे दाखविण्यासाठी दहा शाळांत दहा नामधारी नेमण्यापेक्षा एक खरा शिकलेला माणूस ठरावीक वारी प्रत्येक शाळेत यावा, त्याला दार लावता येईल अशी खोली मिळावी आणि त्याचे वेतन शाळेने नव्हे तर जिल्ह्याने द्यावे, ही व्यवस्था अधिक उपयोगी पडेल. तशी सवलत न्यायालयाकडे मागता येईल. ती मागण्यासाठी शासनाजवळ आधी पात्र माणसांची यादी असावी लागेल.