ध्वजाचा मान आणि ध्वजाचे ज्ञान

१९७१ मध्ये आपल्या संसदेने राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘फ्लॅग इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. ही संस्था तेथील ध्वजांची नोंदवही ठेवते आणि नवा ध्वज ठरवू पाहणाऱ्या परगण्यांना व गावांना सल्ला देते. ध्वजाचा मान आपण कायद्याने जपला; ध्वजाचा अभ्यास मात्र तेवढ्या निष्ठेने केला नाही. माझ्या सेवाकाळात ध्वजवंदनाची परिपत्रके नियमितपणे येत. ध्वज कसा फडकवावा हे त्यांत काटेकोरपणे लिहिलेले असे. तो असाच का, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत नसे.

या उणिवेची किंमत मोजावी लागते. नौदलाच्या ध्वजाचे उदाहरण पाहा. २००१ मध्ये त्यावरील सेंट जॉर्जचा क्रॉस काढून नौदलाचे निळे मानचिन्ह घेतले गेले. हेतू रास्त होता. पण आकाश आणि समुद्र यांच्या निळाईत ते चिन्ह ओळखू येईना, अशा तक्रारी आल्या. २००४ मध्ये क्रॉस परतला. तो पुन्हा गेला २०२२ मध्ये. त्या वेळी शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेली सोनेरी किनारीची अष्टकोनी चौकट आली. दुरून आणि वाऱ्यात चिन्ह कसे दिसेल, हा ध्वजशास्त्राचा प्राथमिक प्रश्न आहे. तो आधी विचारणारी माणसे हवीत.

दुसरा प्रश्न जतनाचा. मादाम कामा यांनी १९०७ मध्ये स्टुटगार्ट येथे फडकवलेला ध्वज पुण्याच्या केसरीवाड्यात आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर चढलेला रेशमी ध्वज तेथील संग्रहालयात आहे. अशा वस्त्रांची देशव्यापी सूची आणि जतनाची समान पद्धत हवी. कापड प्रकाशाने व दमटपणाने झिजते. ते राष्ट्रभक्तीच्या भाषणांनी टिकत नाही.

तिसरा प्रश्न राज्यांचा. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने स्वतःच्या ध्वजाचा प्रस्ताव पुढे आणला, तेव्हा चर्चा प्रामुख्याने अस्मिता आणि एकात्मता यांभोवतीच फिरली. अन्य संघराज्यांचा अनुभव शांतपणे मांडणारा तटस्थ अभ्यासक मंच अशा वेळी उपयोगी पडला असता.

म्हणून राष्ट्रीय ध्वज-अभ्यास मंडळ स्थापन व्हावे, असे मी सुचवतो. ते सरकारी खाते नसावे. इतिहासकार, वस्त्रतज्ज्ञ, संकल्पनाकार आणि कायदेपंडित यांची ती स्वायत्त संस्था असावी; शासनाने तिला माफक अनुदान द्यावे आणि ध्वजविषयक निर्णयापूर्वी तिचे मत मागवावे. ज्या ध्वजापुढे आपण मान झुकवतो, त्याची माहिती असणे हाही त्या आदराचाच भाग आहे.